पोर कोयत्याबरोबर जातं, योजना गावातच राहते

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, खान्देशातल्या गरिबीवर इथे आधीही धागे निघालेत. ते बहुतेक वेळा कापसाच्या भावावर नाहीतर तापीच्या पाण्यावर जाऊन थांबतात. मला इथे फक्त पोरांबद्दल बोलायचंय. सरकारने नेमकं काय केलं तर गरीब घरातलं मूल मोठेपणी गरीब राहणार नाही?

योजना कमी आहेत असं कुणी म्हणू नये. गरोदरपणी मातृवंदना, मग अंगणवाडीचा आहार, शाळेत खिचडी, रेशनवर माणशी ५ किलो धान्य, आदिवासी मुलांना आश्रमशाळा आणि वसतिगृह, मुलींना एसटीचा फुकट पास, आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा, आणि १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला लेक लाडकी. कागदावर बघितलं तर जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत एकही वर्ष मोकळं नाही.

आता दिवाळीनंतरचं बघा. साक्री, नवापूर, शहादा, तळोदा, इकडे चाळीसगाव-पारोळ्याचे तांडे. मुकादमाने पावसाळ्यातच ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते. टोळी भरली की ट्रक निघतो. कुणी बारडोली-सुरतकडे, कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. दहा-अकरा वर्षांचं पोरगं मागे राहिलेल्या धाकट्याला सांभाळतं, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करतं, मोळ्या ओढतं. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र पूर्ण गेलं.

या सहा महिन्यांत वरच्या यादीतलं काय त्या पोराबरोबर जातं? नाव गावच्या अंगणवाडीत, खिचडी गावच्या शाळेत, उपस्थिती गावच्या हजेरीपटावर. त्याच उपस्थितीवर पुढच्या शिष्यवृत्त्या. गावात पत्ता असलेल्या मुलासाठी सगळी यंत्रणा बांधली आहे, आणि सर्वात गरीब मूल नेमकं पत्ता नसलेलं आहे.

अपवाद एकच म्हणता येईल, रेशन. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची सुरुवात दोन जोड्यांनी झाली आणि त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती. म्हणजे नवापूरच्या माणसाला सुरतेत धान्य उचलता येतं, कायद्याने आणि मशीनने दोन्ही. मग हे एका बाबतीत जमतं तर बाकीच्यात का नाही?

माझं म्हणणं एवढंच. हक्क मुलाच्या नावावर हवा, गावाच्या नाही. रक्कम वाढवा, नवी योजना काढा, त्याला नवं नाव द्या, हे सगळं त्यानंतर.

(लाडकी बहीण चांगली की वाईट यावर इथे मारामारी करू नये ही विनंती. त्यासाठी वेगळा धागा आहे.)

---

केळीवाला रावेर

विनंती वाचली, तरी पहिला दगड मीच मारतो :)

भाऊ, त्या १५०० रुपयांनी जे केलं ते दहा योजनांनी केलं नाही. कारण त्यात ग्रामसेवक नाही, मुख्याध्यापक नाही, ठेकेदार नाही. थेट बाईच्या खात्यात. बाई सुरतेत असली तरी एटीएममधून काढते. तुम्ही म्हणता तसा हक्क माणसाबरोबर चालतोय की! तेच मुलांसाठी करा. दर मुलामागे आईच्या खात्यात महिन्याला ठरलेली रक्कम. विषय संपला.

---

भुसावळ पॅसेंजर

वाचतोय.

---

जुनं खोड

सगळं फुकट देऊन कुणी वर येत नाही. आमच्या पिढीने ७२ चा दुष्काळ बघितलाय. खडी फोडली आमच्या आयांनी, पण काम करून पैसे घेतले. रोजगार हमी महाराष्ट्राने देशाला दिली, वि. स. पागेंची कल्पना, आणि १९७७ च्या कायद्याने तो हक्क झाला. गावातच सहा महिने काम द्या, टोळी भरायलाच कुणी जाणार नाही. पोर आपोआप शाळेत. बापाला काम नसताना पोराला पैसे देणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतणं.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता)

@जुनं खोड, काका, काम गावात मिळावं यावर दुमत नाहीच. पण उचलीचं गणित वेगळं आहे. मुकादम एकरकमी देतो आणि ती रक्कम पावसाळ्यात हातात येते, जेव्हा घरात दाणा नसतो, बियाणं घ्यायचं असतं, कुणीतरी आजारी असतं. रोहयोची मजुरी काम झाल्यावर, मस्टर भरल्यावर, मापं झाल्यावर येते आणि तीही कधी महिनाभराने. भुकेल्या माणसाला ऑगस्टमध्ये पैसे हवे असतात. जोवर पावसाळ्यातली ती नड दुसरं कुणी भागवत नाही तोवर मुकादम जिंकणार.

आणि केंद्राच्या २००५ च्या कायद्यात एक तरतूद होती जी मला फार आवडते: कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. किती कामांवर अशी बाई बघितलीत तुम्ही? उसाच्या फडात तर तेवढाही नियम नाही.

---

सातपुड्याची ताई

मी धडगाव भागात अंगणवाडीचं काम करते. वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडलं. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, आहारात सुधारणा झालेली आहे. अमृत आहार योजना २०१५ पासून आली. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एक वेळचं गरम पूर्ण जेवण, आणि पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळं. रावेरवाले भाऊ खूश होतील. ज्या पाड्यावर हे नीट चालतं तिथे वजनं खरोखर सुधारतात. आमच्याकडे नर्मदेच्या काठच्या पाड्यांना अजून बोटीने जावं लागतं, दवाखानासुद्धा बोटीवर आहे. तिथे अंडी पोचवायची म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. निम्मी फुटतात. तरी पोचवतो.

दुसरी गोष्ट, धागावाल्या भाऊंनी म्हटलं ते शंभर टक्के खरं आहे, पण अर्धं आहे. आमच्या मोबाइलमध्ये स्थलांतर दाखवायची सोय आहे. २०२२ मध्ये महिला बालविकास खात्याने स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणाली आणली, त्यात सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला नंदुरबार होता. म्हणजे मी इथून नोंद केली की हे मूल अमुक जिल्ह्यात गेलं, तर तिकडच्या ताईला ते दिसायला हवं. पण पडाव कुठे असतो? कारखान्यापासून लांब, शेताच्या बांधाला, आणि दर पंधरा दिवसांनी हलतो. जवळची अंगणवाडी चार किलोमीटरवर. आई पहाटे चारला तोडीवर जाते. मूल अंगणवाडीत नेणार कोण? सात वर्षांची बहीण?

गुजरात म्हणजे दुसरं राज्य. तिथल्या ताई वाईट नाहीत, येईल त्या पोराला देतात. पण त्यांचा शिधा त्यांच्या पटाप्रमाणे येतो. पन्नास पोरं अचानक वाढली तर त्या कुठून देणार?

पोरं परत येतात तेव्हा मी पहिलं काम वजनकाट्याचं करते. जाताना हिरव्या पट्ट्यात असलेलं पोर येताना पिवळ्यात असतं, पिवळ्यातलं लालमध्ये. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे कुपोषित पोरांसाठी गाव बालविकास केंद्र भरतं त्यात निम्म्याहून जास्त नावं बाहेरून आलेल्यांची असतात. सहा महिने चढवलेलं सहा महिन्यांत उतरतं. मग जिल्ह्याच्या बैठकीत विचारतात, ताई तुमच्याकडे कुपोषण का वाढलं?

म्हणून मला वाटतं अंगणवाडी हललीच पाहिजे. हंगामापुरती. टोळीबरोबर एक ताई का जाऊ नये? मानधन तेच, फक्त सहा महिने पडावावर. आमच्यातल्या काहीजणी जातीलसुद्धा, कारण त्यांची स्वतःची माणसं तिकडेच असतात.

---

केळीवाला रावेर

ताई, दंडवत. केळ्याबद्दल आभार, पण पोरांना अंडंच द्या.

---

अमळनेरचा बंडू

ताईंचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा. संपादक मंडळाने लक्ष द्यावे.

---

धुळेकर परदेशी

केळीवाल्या भाऊंच्या मुद्द्याला धरून. मी सध्या अमेरिकेत आहे, म्हणून इथलं उदाहरण देतो. दर मुलामागे थेट पैसे हा प्रयोग इथे २०२१ मध्ये झाला. सहा वर्षांखालील मुलाला वर्षाला ३६०० डॉलर, त्यावरच्याला १७ वर्षांपर्यंत ३०००. त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात. आधीही ही करसवलत होती, पण गंमत अशी की ज्याचं उत्पन्न फारच कमी त्याला ती पूर्ण मिळत नसे, कारण कर भरला तर सूट! २०२१ ला ती अट काढली. त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली, त्यांच्या नोंदीतली सर्वात खाली. वर्षभराने योजना संपू दिली आणि २०२२ मध्ये आकडा १२.४ टक्के. दुपटीहून जास्त.

दोन गोष्टी दिसतात. पैसे दिले की गरिबी लगेच कमी होते, त्यासाठी पिढी थांबावं लागत नाही. आणि काढले की तितक्याच लगेच परत येते. इथली गरिबी म्हणजे साक्रीची गरिबी नाही हे मला कळतं, त्यामुळे आकडे इकडून तिकडे लावू नयेत. पण 'सर्वात गरिबाला अटीमुळेच मिळत नाही' हा भाग मला ओळखीचा वाटला.

---

जुनं खोड

अमेरिकेत डॉलर छापतात. इथे पेन्शन वेळेवर येत नाही.

---

मास्तर, तालुका तळोदा

झेडपी शाळेवर आहे, म्हणून सांभाळून लिहितो.

आमच्याकडे टोळी निघायच्या आधी पालकांच्या मागे लागतो: आजी-आजोबांकडे ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय त्यासाठीच आहे. मूल गावात राहील, दिवसा शाळा, संध्याकाळी जेवण आणि अभ्यास गावातच. जे जातातच त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडची शाळा दाखल्याविना बसवून घेईल. महाराष्ट्रातल्या कारखान्यावर गेलं तर त्याचा उपयोग होतो. बारडोलीला गेलं तर शाळा गुजराती. घरी पोर पावरी बोलतं, आमच्याकडे दोन वर्षांत कशीबशी मराठी बाराखडी आलेली, आणि तिकडे क, ख, ग दुसरेच दिसतात. आठवड्याने ते फडात जातं. मी त्याला दोष देत नाही.

हंगामी वसतिगृहाचा खरा अडथळा सांगू का? ते मंजूर व्हायला पट दाखवावा लागतो, पट दाखवायला पोरं राहायला हवीत, पोरं राहायला वसतिगृह सुरू हवं. टोळी ऑक्टोबरमध्ये जाते. मंजुरी त्यानंतर आली तर कुणासाठी चालवायचं? आई-बापाने निर्णय ऑगस्टमध्ये घेतलेला असतो, उचल घेताना. तेव्हा त्यांच्या हातात 'तुझं पोर इथे राहील, इतक्या तारखेपासून जेवेल' असं सांगणारा कागद हवा. पैसा तेवढाच लागेल, फक्त तीन महिने आधी.

आणि मुलींचं वेगळं आहे. मुलगी बारा-तेराची झाली की आजीकडे एकटी ठेवायला आई घाबरते. सोबत नेलं तरी कोपीत, म्हणजे पडावावरच्या झोपडीत, भीती. म्हणून मग लग्न. बालविवाह हा आमच्याकडे परंपरेचा प्रश्न कमी आणि 'हिला सहा महिने ठेवू कुठे' याचा जास्त आहे.

एक विषयांतर. नोव्हेंबर २०२३ ला खिचडीबरोबर अंडं सुरू झालं, पोरं त्या दिवशी हमखास यायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून द्या म्हणाले. धनिकांच्या गावात लोकसहभाग मिळतो. आमच्या पाड्यावर लोकसहभाग म्हणजे त्याच पोराच्या आजीची कोंबडी.

---

अहिराणी बोल

मास्तर, खरं सांगी राह्यनात. पह्यले पोटमा भाकर, मंग शाया.

---

नीरजा_जळगाव

@मास्तर, लहान पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना २०२३ मध्ये आली होती तेव्हा उदाहरण म्हणून तोरणमाळचं नाव घेतलं होतं. तिथे निवासी शाळा आहे, इमारत, शिक्षक सगळं. तुमच्या प्रश्नावर तेच उत्तर नाही का? एकदा मूल निवासी शाळेत गेलं की आई-बाप कुठेही जावोत.

---

मास्तर, तालुका तळोदा

@नीरजाताई, मोठ्या मुलांसाठी हो. पण सहा-सात वर्षांचं लेकरू आईपासून तोडून डोंगरावरच्या निवासी शाळेत ठेवणं मला पटत नाही. आश्रमशाळांचा अनुभव आपल्याकडे १९७० च्या दशकापासून आहे, चांगलाही आणि वाईटही. चांगली आश्रमशाळा एका पिढीत घर बदलते, मी डोळ्याने बघितलंय. पण पाड्यावरची चौथीपर्यंतची शाळा बंद करून ती जागा भरत नाही. पाड्यावरची शाळा बंद झाली तर आणखी काही पोरं टोळीत जातील, कारण मागे राहायला कारणच उरणार नाही.

---

चोपड्याची पोर

मी लिहू का नको विचार करत होते. आई-वडील दोघं मजुरी करायचे, केळीच्या बागेत आणि कापूस वेचणीला. मी आता पुण्यात नोकरी करते. त्यामुळे 'कशाने बाहेर निघता येतं' हे थोडं आतून सांगते.

मला सर्वात जास्त काय उपयोगी पडलं? एसटीचा पास. अहिल्याबाई होळकर योजनेतला. आठवी ते बारावी माझी शाळा आठ किलोमीटरवर होती. पास नसता तर सातवीत संपलं असतं, वाद नाही. माझ्या मागून आलेल्या मुलींना मानव विकासची निळी बस मिळाली, ती मुलींच्या शाळेच्या वेळेला यायची. आम्हाला नेहमीच्या गाडीला लोंबकळावं लागायचं.

बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीला पैसे दिले, त्याचा नीट अभ्यास झालाय. मुलींची नववी-दहावीतली नावनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, आणि शाळा जितकी लांब तितका फायदा जास्त. वाचताना मला हसू आलं, कारण हे आमच्या गावातल्या कुठल्याही आईने सांगितलं असतं.

दुसरं, एनएमएमएस. आठवीत परीक्षा, लागलात तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. माझ्या वर्गातल्या दोघींना मिळाली. त्या दोघींचंही लग्न बारावीपर्यंत झालं नाही. कारण घरात येणारा तो एकमेव ठरलेला पैसा होता, आणि तो मुलगी शाळेत असेपर्यंतच येणार होता.

काय उपयोगी पडलं नाही? उपस्थिती भत्ता. १९९२ ला दुर्बल घटकातल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी रोज एक रुपया ठरवला. तेव्हा रुपयाला किंमत असेल. तीन दशकं उलटली तरी रुपयाच राहिला. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वर्षानुवर्षं महिना ६० रुपयेच राहिली. कापूस वेचायला गेलं तर मुलीला एका दिवसात त्याहून जास्त मिळतात. आमदारांचे भत्ते महागाईप्रमाणे वाढतात, मुलींचा रुपया का वाढत नाही, एवढंच विचारायचंय.

म्हणून धागाकर्त्यांचं म्हणणं, रक्कम नंतर बघू, हे मला मान्य नाही. हक्क मुलाबरोबर चालला पाहिजे हे बरोबर, पण रुपया मुलाबरोबर चालला तर तो रुपयाच आहे.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता)

@चोपड्याची पोर, मुद्दा घेतला. बाल संगोपन योजनेचं उदाहरण तुमच्या बाजूने आहे. एक किंवा दोन्ही पालक गेलेल्या मुलांना ४२५ रुपये मिळायचे तेव्हा खेटे घालायलाही कुणी जात नसे. ती रक्कम ११०० आणि मग २०२३ मध्ये २२५० झाली. आता विधवा बायका तालुक्याच्या ठिकाणी स्वतः चौकशी करतात. रक्कम भरीव असली की लोक कागदांच्या मागे लागतात.

---

केळीवाला रावेर

मग लेक लाडकीला काय म्हणणार? १,०१,००० रुपये! भरीवच आहे.

---

चोपड्याची पोर

भरीव आहे, पण कधी ते बघा. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,०००. एकूण २६,००० आणि तेही सतरा-अठरा वर्षांत. बाकी ७५,००० अठरा पूर्ण झाल्यावर. म्हणजे ताई ज्या वजनकाट्याबद्दल सांगतायत त्या वयात पाच हजार, एकदाच. मूल घडतं पहिल्या पाच-सहा वर्षांत आणि पैसे येतात ते मतदानाच्या वयात. हरियाणात १९९४ पासून अशीच योजना होती. अठराव्या वर्षी पैसे. बऱ्याच घरांनी ते लग्नासाठीच धरून ठेवले.

---

जुनं खोड

हे मात्र पटलं.

---

बाप्पा पाटील एरंडोल

सगळ्या योजना एकाच पक्षाने आणल्या आणि दुसऱ्या पक्षाने

---

व्यवस्थापक

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. धागा छान चाललाय, पक्षीय वाद इथे नको.

---

दुकान नंबर माहीत नाही

वडील रेशन दुकान चालवतात, मी मशीनवर बसतो. धाग्यातला रेशनचा भाग जरा गुळगुळीत वाटला म्हणून लिहितो.

सुरतेत धान्य मिळतं, बरोबर. पण कुणाच्या नावाचं? कार्डावर जेवढी नावं तेवढं. आता कोणत्याही पाड्यावरचं कार्ड उघडा. नवरा, बायको, म्हातारा-म्हातारी, मोठा मुलगा. खालची दोन-तीन पोरं नाहीत. कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या बाळालाही ५ किलो. आठ जणांच्या घरात तीन नावं नसली तर महिन्याला १५ किलो गेलं. वर्षाचा हिशेब करा.

नाव का नाही? एक, जन्मदाखला नाही. घरी बाळंतपण झालं, नोंद राहिली, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून कार्डात नाव नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं, हे पाठ आहे सगळ्यांना. त्याच जिल्ह्यात आज पोरांच्या आधारासाठी लाइन लागते.

दोन, आणि हे फार कुणी बोलत नाही. राज्याला कोटा ठरलेला आहे, सुमारे ७ कोटी माणसं. तो २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर जन्मलेलं पोर त्या हिशेबात नाहीच. त्यामुळे तहसीलमध्ये अर्ज दिला तरी उत्तर येतं, इष्टांक शिल्लक नाही, कुणी मेलं किंवा कुणाचं कमी झालं तर बघू. म्हणजे कोणीतरी जाण्याची वाट बघायची! वडील म्हणतात लोक आम्हाला शिव्या देतात, पण मशीनमध्ये नावच नसेल तर धान्य मी कुठून काढू.

जनगणना झाली की हा कोटा नवीन लोकसंख्येवर ठरला पाहिजे, आणि तोवर पाच वर्षांखालच्या मुलांना कोट्याबाहेर ठेवून नाव चढवावं. गिरणाकाठ भाऊ, 'हक्क मुलाच्या नावावर' हे सुरू करायचं तर पहिली जागा हीच.

आणि जाता जाता. आपली माणसं ज्वारी-भगर खाणारी. देतात तांदूळ-गहू. फुकट आहे म्हणून कुणी बोलत नाही.

---

सातपुड्याची ताई

दुकानवाल्या भाऊंनी कागदांचं बरोबर सांगितलं. आता दवाखान्यात बाळंतपणं वाढलीत म्हणून जन्मदाखला तिथूनच मिळतो, पण २०१५ च्या आसपास जन्मलेली पोरं आता पाचवीत आहेत आणि ती अडकतात. शाळेत बसवून घेतात, खिचडी मिळते. शिष्यवृत्तीच्या वेळी अडतं, जातीच्या दाखल्याच्या वेळी अडतं. आई-बाप टोळीत असताना तहसीलला सही करायला कोण जाणार? शिबिरं लावतात ती जानेवारीत. जानेवारीत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री असतात. शिबिर जून-जुलैमध्ये लावा ना.

---

धुळेकर परदेशी

नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात (त्यात उत्पन्न नाही, तर पोषण, शाळा आणि घरातल्या सोयी मोजतात) नंदुरबार २०१५-१६ च्या पाहणीनुसार राज्यात सर्वात गरीब होतं, निम्म्याहून जास्त लोक. नंतरच्या २०१९-२१ च्या पाहणीत ते साधारण एक-तृतीयांशावर आलं. म्हणजे काहीतरी काम करतंय हेही म्हणायला हवं. वीज, गॅस, बँक खाती, संडास याने तो आकडा पटकन खाली येतो. पोषण आणि शाळेची वर्षं हे घटक हळू हलतात. ताई आणि मास्तर जे सांगतायत ते त्या हळू हलणाऱ्या भागातलं आहे, म्हणून पुढची घट एवढी सोपी नसणार.

---

जुनं खोड

माझा एक प्रश्न शिल्लक आहे. हे सगळं करायला कारखान्यांनी काही द्यायचं की नाही? ऊस तोडून साखर ते विकतात. पोर फडात असतं त्यांच्या. फिरती अंगणवाडी असो की शाळा, जागा आणि पाणी कारखान्याने द्यावं, ताई सरकारने. टोळी कुठल्या शेतात आहे ते कारखान्याच्या शेतकी विभागाला रोज माहीत असतं. तोडीचा कार्यक्रम त्यांच्याकडे छापलेला असतो. ताई म्हणतात पडाव हलतो म्हणून सापडत नाही. कारखान्याला बरोबर सापडतो, ट्रक पाठवायचा असतो तेव्हा.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता)

काका, धाग्यातला सर्वात चांगला मुद्दा तुम्ही शेवटी ठेवलात. तोडीची यादी अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयाला रोज गेली पाहिजे, एवढी एक अट गाळप परवान्यात टाकली तरी निम्मं काम होईल. नवा पैसाही लागत नाही.

---

मास्तर, तालुका तळोदा

अनुमोदन. महाराष्ट्रातल्या कारखान्यांपुरतं तरी हे लगेच होण्यासारखं आहे. गुजरातसाठी दोन राज्यांनी बसावं लागेल. रेशनसाठी बसले होते.

---

नीरजा_जळगाव

आमच्या बचतगटाच्या पाच बायका पुढच्या ग्रामसभेत मुलांची नावं कार्डात चढवायचा विषय ठेवणार आहेत. कागद कोणते जोडायचे ते कुणी सांगेल का? तालुका जळगाव, पण दोन कुटुंबं मूळची अक्कलकुव्याची आहेत.

---

दुकान नंबर माहीत नाही

ताई, मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आधार, आई-वडिलांपैकी एकाचं आधार आणि मूळ कार्डाची झेरॉक्स. अर्जाची पोच घ्या, ती न घेता परतू नका. अक्कलकुव्याच्या दोन कुटुंबांचं कार्ड तिकडचं असेल तर नाव तिकडच्या तहसीलमध्ये चढेल, धान्य मात्र जळगावात घेता येईल. जन्मदाखला नसलेली मुलं किती आहेत ते आधी मोजा, त्यांचं प्रकरण वेगळं करावं लागतं. अडलं तर इथेच लिहा, वडिलांना विचारून सांगतो.

---

नीरजा_जळगाव

सात मुलं आहेत, तिघांचा दाखला नाही. सोमवारी तहसीलला जातेय.

---

सातपुड्याची ताई

त्या तिघांचं बाळंतपण कुठे झालं ते त्यांच्या आयांना विचारा. आमच्या भागात झालं असेल तर दाईचं नाव आणि पाडा मला व्यक्तिगत निरोपात कळवा. जुन्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, तिची प्रत जोडता येते.